वाटणी मागायला आलेला भाऊ

पूर्वरंग

मायबाप श्रोतेहो, आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. एक दृष्टांत घेतला आहे, आणि तो आपल्या पोथ्यांतला नाही. ख्रिस्ती बांधवांचं जे शुभवर्तमान, त्यातल्या लूकाच्या बाराव्या अध्यायात तो आला आहे. विषय आहे लोभ. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहा वैऱ्यांपैकी हा तिसरा. ख्रिस्ती परंपरेतही मुख्य पापांची एक यादी आहे, सात पापांची. त्यातही लोभ आहेच. दुखणं एकच असेल, तर दुसऱ्या गावच्या वैद्यानं त्यावर काय दिलं ते ऐकायला काय हरकत आहे? शिवाय कीर्तन ही काही आमच्या एकट्याचीच मिरास राहिलेली नाही. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी दीडशे वर्षांपूर्वीच कीर्तनात येशूंची आख्यानं लावायला सुरुवात केली होती. तेव्हा त्यांची एक कथा आपण आपल्या व्यासपीठावर लावू.

प्रसंग असा. येशू लोकांना शिकवीत आहेत. हजारोंची गर्दी, इतकी की माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत आहेत. वारीतल्या रिंगणाला कशी गर्दी होते, तशी. आणि विषय काय चाललाय? मरणाचं भय बाळगू नका, देवाला चिमणीचीसुद्धा काळजी आहे, हा. एवढं मोठं निरूपण रंगात आलेलं, आणि मध्येच गर्दीतून एक माणूस बोलतो. काय म्हणतो? गुरुजींनी माझ्या भावाला समज द्यावी आणि वडिलांच्या मालमत्तेतली माझी वाटणी मला मिळवून द्यावी!

मंडळी, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे की नाही? बापाच्या तेराव्याची पंगत उठायच्या आत वाटणीचा विषय निघतो. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. हातभर बांधासाठी कोर्टात जातात. वकिलाची फी बांधाच्या किमतीच्या वर जाते, आणि बांध आपला जागेवरच. हा माणूस देवाच्या दारात आला, पण कानात भावाचंच नाव घुमत होतं. देवळात उभं राहून शेताचा हिशेब करणारे आपणही कमी नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याची मागणी काही वेडीवाकडी नव्हती. ज्यू लोकांच्या शास्त्रात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा सांगितलेला होता, आणि असे तंटे शास्त्र जाणणाऱ्याकडे नेण्याची रीत होती. कदाचित भावानं खरोखरच त्याचा वाटा दाबला असेल. तरी येशूंनी निवाडा करायला नकार दिला. मला तुमचा वाटणीदार कोणी नेमला, असं उलट विचारलं. आणि मग सगळ्यांकडे वळून सांगितलं की सर्व प्रकारच्या लोभापासून स्वतःला सांभाळा, कारण माणसाकडे भरपूर असलं तरी त्याचं जगणं त्या भरपूरपणावर उभं नसतं.

हे कोणाला सांगितलं? वाटा दाबणाऱ्या भावाला नव्हे, तो तिथे नव्हताच बहुधा. ज्याचा वाटा अडला होता त्याला सांगितलं. म्हणजे लोभ फक्त श्रीमंताच्या वाड्यात राहतो असं नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या मनातही तो सुखानं नांदू शकतो.

शुभवर्तमानं मूळ ग्रीक भाषेत लिहिली गेली. तिथे लोभाला जो शब्द आहे तो आहे ‘प्लेओनेक्सिया’. अवघड वाटतो, पण अर्थ सोपा आहे: अधिक असणं, अधिक हवं असणं. किती अधिक? ते त्या शब्दात सांगितलेलंच नाही. दहा एकरवाल्याला अकरावा हवा, शंभरवाल्याला एकशे एकावा. दोघांनाही एकच एकर कमी पडतो!

मग येशूंनी दृष्टांत सांगितला. एक श्रीमंत शेतकरी होता. त्याच्या जमिनीला एके वर्षी भरघोस पीक आलं. इतकं, की ठेवायला जागा पुरेना. तो मनाशी विचार करू लागला, आता काय करावं? आणि ठरवलं की जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची, सगळं धान्य आणि माल त्यात भरायचा आणि मग जिवाला सांगायचं, बाबा रे, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता खा, पी, आराम कर. त्याच रात्री देव त्याला म्हणाला, मूर्खा, आज रात्री तुझा जीव परत मागितला जाणार आहे. मग हे जमवलेलं कोणाचं होणार?

संपली गोष्ट. इतकी छोटी. पण हिच्यातली मेख पाहा. या शेतकऱ्यानं पाप काय केलं? चोरी केली नाही. कोणाचा बांध कोरला नाही. मापात मारलं नाही. पीक त्याच्याच जमिनीत आलं, देवाच्या पावसानं आलं. कोठार बांधणं हेही पाप नाही. त्याला देवानं दुष्ट म्हटलेलं नाही, मूर्ख म्हटलं आहे.

त्याचा मूर्खपणा त्याच्या बोलण्यात सापडतो. सगळ्या गोष्टीत तो बोलतो कोणाशी? स्वतःशी. बायकोला विचारत नाही, शेजाऱ्याला विचारत नाही, मळणी करणाऱ्या गड्यांची आठवण नाही, देवाची तर नाहीच. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी माझा जीव! धान्य त्याचं होतं, एक वेळ मान्य करू. पण जीव? तो तर उसना होता, आणि देणेकरी त्याच रात्री दारात उभा राहिला. मंडळी, उसन्या वस्तूची बेगमी कशी करणार?

यावर कोणी गृहस्थ विचारील की बुवा, मग कमवायचंच नाही का? मुलीचं लग्न आहे, पोराची फी आहे, म्हाताऱ्या आईचं औषध आहे. प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच ग्रंथात दोन माणसांच्या कथांतून मिळतं.

पहिला एक श्रीमंत माणूस. लहानपणापासून सगळे धर्मनियम पाळलेला. तो धावत येऊन येशूंच्या पाया पडला आणि विचारलं की अमर जीवन मिळवायला काय करू? त्याला उत्तर मिळालं, तुझं सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. उंट आणि सुईच्या नेढ्याची ती प्रसिद्ध उपमा याच प्रसंगी आलेली आहे.

दुसरा जक्कय. यरीहो गावातला जकातदारांचा मुखिया. रोमन सरकारसाठी कर वसूल करणारा, लोकांच्या शिव्याशाप खाऊन पैसेवाला झालेला. अंगानं बुटका. गर्दीत येशू दिसेनात म्हणून हा श्रीमंत माणूस लाज सोडून पोरासारखा उंबराच्या झाडावर चढला! येशूंनी वर पाहिलं आणि म्हणाले, उतर खाली, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. त्या एका पाहुणचारात जक्कयची मूठ सुटली. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देतो म्हणाला.

आता हिशेब घाला. एकाला सगळं सोडायला सांगितलं, दुसऱ्यानं अर्धं देऊ केलं, आणि त्या घराला तारण आलं असं येशूंनी सांगितलं. दर वेगळे का? कारण देवाला रक्कम मोजायची नव्हती. पहिल्याचा जीव त्या मालमत्तेत अडकला होता. दुसऱ्याचा सुटला होता. मंदिराच्या दानपेटीपाशी एका गरीब विधवेनं तांब्याची दोन नाणी टाकली, त्या काळची सगळ्यांत लहान नाणी. येशूंनी शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की आज सर्वांत जास्त दान हिचं आहे. श्रीमंतांनी उरल्यातून दिलं, हिनं पोटातलं काढून दिलं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, नाहीतर या निरूपणाचा दुरुपयोग होईल. संतोष हे औषध स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्याला पाजायचं नसतं. मालकानं गड्याची मजुरी दाबावी आणि वर त्याला समाधानाचं कीर्तन ऐकवावं, हे चालायचं नाही. याकोबाच्या पत्रात अशा मालकांना फार कडक शब्दांत सुनावलं आहे. ज्यांनी शेत कापलं त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं तिथे म्हटलंय. जक्कयनंही आधी संतोषावर प्रवचन दिलं नाही. चौपट परत केलं. तेव्हा वाटणीचा हक्क सोडा, असा या कथेचा अर्थ करू नका. हक्क मागा, पण हक्क मागता मागता भाऊ हरवला आणि देवही हरवला, असं होऊ देऊ नका.

मग हा संतोष येतो कुठून? ख्रिस्ती परंपरेतलं याचं उत्तम उदाहरण पौल. पोटासाठी तंबू शिवायचा धंदा करणारा हा प्रचारक कैदेत होता. फिलिप्पै गावच्या मंडळींनी त्याला एका माणसाच्या हाती मदत पाठवली. तिची पोच म्हणून त्यानं जे पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. भरल्या ताटाचंही मर्म कळलं आहे आणि उपासाचंही.

‘शिकलो’ हा शब्द पकडून ठेवा. समाधान हा कोणाचा जन्मजात स्वभाव असतो, असं तो म्हणत नाही. टाळ धरायला शिकावं लागतं, पखवाजाचे बोल बसवावे लागतात, तसं समाधानही बसवावं लागतं. आणि पाहा, तो फक्त उपासातच समाधान शिकलो असं म्हणत नाही. भरल्या घरात समाधानी राहणं हेसुद्धा शिकावंच लागतं, आणि माझ्या मते ते जास्त अवघड आहे. ग्रीक तत्त्वज्ञ संतोषी माणसाला ‘स्वतःत पुरेसा’ म्हणायचे. पौलानं शब्द तोच घेतला, पण आधार बदलला. मी माझ्या बळावर पुरेसा नाही, मला बळ देणारा आहे म्हणून पुरेसा आहे, असा त्याचा भाव. त्याच्याच नावानं असलेल्या तीमथ्याच्या पत्रात लोभाबद्दल एक वाक्य आहे, आणि लोक ते अर्धंच सांगतात. पैसा हे अनर्थाचं मूळ आहे असं तिथे नाही. पैशाची माया हे मूळ आहे, असं आहे.

समाधान बसवायची एक रीत सांगतो. इस्राएली लोक मिसर देशातून सुटून रानात आले तेव्हा देव त्यांना रोज पहाटे मान्ना नावाचं अन्न द्यायचा. नियम एकच, माणशी एक माप, त्या दिवसापुरतं. कोणी हावरटपणानं दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे. फक्त विश्रांतिवाराच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मोकळीक होती, आणि ते मात्र नासत नसे. म्हणजे साठवण वाईट नाही, अविश्वासानं केलेली साठवण नासते. येशूंनी शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसाची. शिष्यांना गावोगाव पाठवताना तर झोळी घेऊ नका, दुसरा अंगरखा घेऊ नका असं बजावलं. वारकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पहिल्या मुक्कामाला ज्याची पडशी जड, त्याचे दिवेघाटात खांदे भरून येतात!

आणि गृहस्थासाठी आणखी एक रीत. इंग्लंडात अठराव्या शतकात जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. १७०३ साली जन्म, १७९१ साली मृत्यू. त्यांनी एका प्रवचनात एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण ते स्वतःच, असं मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड. २८मध्ये भागवलं, २ दान केले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० झाली. खर्च? २८च. दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, दान ६२. चौथ्या वर्षी १२०, दान ९२. मंडळी, पगार वाढला की आपलं मापही वाढतं. त्यानं माप आधी ठरवलं आणि पगाराला वाढू दिलं. घरी जाऊन नवरा-बायकोनं एकत्र बसून आपलं माप काय, एवढं ठरवलं तरी आजचं कीर्तन कारणी लागलं.

रामकृष्णहरी!

उत्तररंग

आता आख्यान. पूर्वरंगात आपण कोठार मोठं करणारा शेतकरी पाहिला. त्याचं कोठार उघडलं असतं तर काय झालं असतं, ते या आख्यानात आहे.

आज ज्याला तुर्कस्थान म्हणतात, त्या देशात पूर्वी कप्पदुकिया नावाचा प्रांत होता, आणि त्यात कैसरिया नावाचं शहर. त्याला आज कायसेरी म्हणतात. तिथल्या एका सधन, जमीनदार घराण्यात इ. स. ३३०च्या सुमारास बासिल नावाचा मुलगा जन्मला. अथेन्सला जाऊन मोठमोठ्या पंडितांकडे शिकला. विद्वान म्हणून नाव झालं असतं. पण त्यानं ती वाट सोडली, वैराग्य घेतलं, वडिलार्जित मालमत्ता गरिबांसाठी लावली आणि चर्चच्या सेवेत राहिला.

३६९च्या आसपास त्या भागात मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही. नद्या आटल्या, जमीन भेगाळली. समुद्रकाठच्या गावांना निदान जहाजांनी धान्य येतं. कैसरिया पडलं आतल्या मुलखात. धान्य शहरात होतं, पण ते होतं व्यापाऱ्यांच्या आणि जमीनदारांच्या कोठारांत, भाव आणखी चढायची वाट बघत. श्रोतेहो, दुष्काळात नेहमी असंच असतं. भूक रस्त्यावर असते आणि धान्य कुलपात असतं.

बासिलकडे सत्ता नव्हती, तो त्या वेळी बिशपही झाला नव्हता. त्याच्याकडे होती वाणी. त्यानं निरूपणाला घेतला हाच दृष्टांत, कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या शेतकऱ्याचा. समोर बसले होते कोठारांचे मालक!

त्यानं त्यांना एका बापाचं चित्र दाखवलं. घरात दाणा नाही. आता एक मूल विकल्याशिवाय बाकीची जगत नाहीत. बाप मुलांकडे बघतो. थोरल्याला विकू? त्याचा मान. धाकट्याला? त्याचं काही कळायचं वय नाही. हा आईसारखा दिसतो, तो अभ्यासात हुशार. कोणाला विकू? शेवटी रडत रडत एकाला घेऊन तो बाजारात येतो, आणि धान्याचा मालक त्याच्याशी भावाची घासाघीस करतो.

सभा गार झाली असेल, नाही का?

मग त्यानं विचारलं, नवी कोठारं कशाला बांधता? गरिबांची पोटं ही तयार कोठारं आहेत, तिथे ठेवलेलं धान्य किडत नाही. तुमच्या घरात जी भाकर उरली आहे ती भुकेल्याची आहे, पेटीत जो अंगरखा पडून आहे तो उघड्याचा आहे. विहिरीचं उदाहरण दिलं: उपसा चालू असला की विहिरीला पाणी चांगलं येतं, नुसती ठेवली की गाळ धरते. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. आणि एक उदाहरण फार मार्मिक दिलं. नाटकगृहात एखादा लवकर आला, जागा धरून बसला आणि नंतर येणाऱ्यांना हाकलू लागला, की सगळी जागा माझी! आधी येऊन धरलं म्हणून जे सगळ्यांसाठी होतं ते माझं, असं म्हणणारा श्रीमंत तसाच.

त्या वाणीनं कोठारं उघडली. बासिलचा जिवलग मित्र ग्रेगरी यानं पुढचं सगळं लिहून ठेवलं आहे. उपासानं अर्धमेले झालेले बायका, पुरुष, म्हातारे, पोरं, सगळ्यांना बासिलनं एके ठिकाणी जमवलं. मिळेल तिथून अन्न गोळा केलं. कडधान्याच्या कढणाच्या मोठमोठ्या काहिली चढल्या, आणि हा अथेन्सचा पंडित सेवकांच्या बरोबरीनं स्वतः वाढायला उभा राहिला. लोकांचे पाय धुतले.

पुढे ३७०मध्ये तो कैसरियाचा बिशप झाला. शहराबाहेर त्यानं एक मोठी वस्ती उभी केली. गरिबांना आसरा, आजाऱ्यांना उपचार, वाटसरूला मुक्काम, आणि ज्यांना कोणी शिवत नसे त्या कुष्ठरोग्यांनाही जागा. ३७९मध्ये, पन्नाशीच्या आतबाहेर तो गेला. स्वतःसाठी त्यानं फारसं काही ठेवलंच नव्हतं. कोठारवाल्या शेतकऱ्याला देवानं विचारलं होतं की जमवलेलं कोणाचं होणार. बासिलला विचारायची वेळच आली नाही.

ही कथा ऐकताना तुम्हाला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले असतील. बादशाही कोठारं उघडून दुष्काळात लोकांना जगवणारे. दोघांची श्रद्धा वेगळी, मुलूख वेगळा, मध्ये हजार वर्षांचं अंतर. पण भुकेल्याच्या तोंडात घास गेला, तो दोन्हीकडे कुलूप निघाल्यामुळेच. फरक एवढाच की दामाजीपंतांच्या हाती किल्ली होती. बासिलला ती किल्ली दुसऱ्यांच्या मनातून काढावी लागली.

आणि कोणाला वाटेल की ख्रिस्ती वैराग्य परदेशातच झालं, तर आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. ख्रिस्तावर त्यांनी मराठीत अभंग लिहिले. मिशनच्या कामाचा त्यांना पगार होता. १९१७ साली त्यांनी तो सोडला आणि ‘देवाचा दरबार’ म्हणून बंधुभावानं राहणाऱ्यांचा मेळा सुरू केला. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते गेले. अशा उदार माणसाची झळ घरच्या माणसाला किती लागते, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात आहे. म्हणून संसारी माणसानं देताना घरच्यांना विचारून, त्यांना बरोबर घेऊन द्यावं. दान एकट्याचं असलं की त्याचाही अहंकार होतो.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. तो वाटणी मागायला आलेला भाऊ पुढे काय झाला? शुभवर्तमानात ते सांगितलेलंच नाही. घरी जाऊन भांडला, की भावाच्या ओट्यावर जाऊन बसला, काही कळत नाही. मला वाटतं, ती जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवली आहे. इथून उठल्यावर तुम्ही आपापल्या गावी जाल. ज्याचं कोणा भावाशी बोलणं बंद असेल, त्यानं कागदपत्रं खुशाल पाहावीत, हक्काचं असेल ते मागावं. पण आधी त्याच्या घरी जाऊन पाणी मागून प्यावं. आणि ज्याच्या कोठारात यंदा चार पोती जास्तीची असतील, त्यानं नवी खोली बांधण्याआधी गल्लीत कोणाच्या चुलीतून धूर निघत नाही, ते एकदा बघून यावं.

 जय जय रामकृष्णहरी!